कळसूचा कळस

राजूर नावाची गावे अनेक, त्यांतली ही दोन. आमचे वणी तालुक्यातले, कोळशाच्या खाणीचे. इथला माणूस पोटासाठी जमिनीखाली उतरला. दुसरे अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या मुलखात. तिथला माणूस देवीसाठी आभाळाकडे चढतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही.

आल्प्समधल्या माँ ब्लाँवर ८ ऑगस्ट १७८६ रोजी बाल्मा आणि पाकार हे दोघे प्रथम पोहोचले, असे इतिहास सांगतो. कळसूबाईवर प्रथम कोण चढले? दंतकथा म्हणते, कळसू नावाची कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. एके दिवशी पाहुणे आले आणि अट मोडली. कळसूने मुकाट्याने काम उरकले, डोंगर चढली, ती परतलीच नाही.

दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात शिकवतोच. पण वाचकहो, नवरात्रात बारी गावाकडून लोखंडी शिड्या चढत आयाबाया देवळापर्यंत जातात. त्यांना गिर्यारोहक कोणी म्हणत नाही. तरी राज्याच्या सर्वोच्च माथ्याला नाव आहे ते राजाचे नव्हे, एका मोलकरणीचे. एवढी नोंद तरी इतिहासाने घ्यावी!