नालबंद बरोबर न्या

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या मालिकेत मोटारीचं दुकान कुठून आलं? थोडं थांबा. मोटारीपासून सुरुवात करून आपण घोड्यांपर्यंत जाणार आहोत आणि शेवटी पुन्हा मोटारीपाशी येणार आहोत.

मी तंजावूरचा. आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आईला उपचारासाठी दर आठवड्याला तिरुचीला न्यावं लागायचं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. बसने जाऊन ती संध्याकाळी अर्धमेली होऊन परतायची. शेवटी अप्पांनी निवृत्तीच्या पैशातून गाडी घ्यायचं ठरवलं. आमच्या घरातली ही पहिली नवी गाडी.

शोरूममध्ये पहिल्या दिवशी कॉफी, दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स आणि तिसऱ्या दिवशी हिशेबाचा कागद. जाहिरातीतली किंमत वर होती आणि तिच्या खाली शेपूट. हॅण्डलिंगचे साडेनऊ हजार. विमा एक्केचाळीस हजार. हाच विमा बाहेर एकोणतीस हजारात मिळत होता. मग ‘आवश्यक किट’ या नावाखाली मॅट, सीट कव्हर, कोटिंग. मी विचारलं, "यातलं काय काढता येईल?" सेल्समन पोरगा नम्रपणे म्हणाला, "सिस्टिममध्ये सगळं एकत्रच येतं, सर."

इथवर मी गप्प होतो. मी म्हटलं, "ठीक आहे, पैसे भरण्याआधी आमचा मेकॅनिक गाडी बघून जाईल." तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "बाहेरच्या मेकॅनिकला यार्डात परवानगी नाही, सर."

हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. घरी येईपर्यंत आठवत राहिलो. रात्री कपाटातून मार्को पोलोचं प्रवासवर्णन काढलं.

साडेसातशे वर्षांपूर्वीचं यार्ड

मार्को पोलो 1290 च्या दशकात चीनहून परतताना या किनाऱ्यावरून गेला. अरब व्यापारी या भागाला मअबर म्हणत, म्हणजे आजचा कोरोमंडल किनारा. 1279 च्या सुमारास चोळांची सत्ता संपली होती आणि तंजावूरचा हा सगळा सुपीक प्रदेश पांड्यांच्या हाताखाली गेला होता. तिथल्या राजांविषयी पोलो लिहितो, की त्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग घोडे विकत घेण्यात जातो. होर्मुझ, कीश, धोफार, एडन इथले व्यापारी जहाजं भरून घोडे आणतात. पाच भाऊ राजे आहेत आणि एकेक जण वर्षाला दोन हजार किंवा त्याहून जास्त घोडे घेतो. एका घोड्याला शंभर मार्कांहून जास्त चांदी पडते, म्हणजे आजच्या मापात वीस किलोंच्या वर.

वर्षअखेरीला त्यातले शंभरही उरत नाहीत, असं तो म्हणतो. सगळे मरतात. घोड्यांना इथे शिजवलेला भात आणि मांस घालतात, हवा मानवत नाही, आणि घोड्याची निगा जाणणारा माणूस, म्हणजे नालबंद, इथे नाही. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. घोडे आणणारे व्यापारी स्वतः नालबंद आणत नाहीत आणि दुसऱ्या कुणालाही तिकडे जाऊ देत नाहीत. घोडे मरत राहिले तरच दरवर्षी नवे खपतील, हा त्यांचा हिशेब.

बाहेरच्या मेकॅनिकला परवानगी नाही, सर!

पोलो व्यापारी घराण्यातला. ऐकलेली गोष्ट वाढवून सांगायची त्याला सवय होती, त्यामुळे आकडे जपूनच घ्यायचे. पण त्याला दुसरा साक्षीदार आहे. वस्साफ हा फारसी इतिहासकार त्याच काळातला. तो एका कराराची हकिगत देतो. जमालुद्दीन नावाच्या बड्या व्यापाऱ्याने पांड्य राजाला दरवर्षी 1,400 घोडे पुरवायचे, प्रत्येकी 220 सोन्याचे दिनार. आणि अट अशी, की वाटेत समुद्रात घोडा मेला तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून द्यायची. म्हणजे माल पोचण्याआधीच नुकसान गिऱ्हाइकाच्या माथी.

ही रीत पुढेही चालू राहिली. फेर्नाव नुनीश हा पोर्तुगीज 1530 च्या दशकात विजयनगरात होता. तो साळुव नरसिंह राजाबद्दल सांगतो, की राजा घोडे जिवंत किंवा मेलेले, दोन्ही घेई, हजार पार्दावांना तीन. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मोजून मिळत. राजाला घोड्यांची इतकी निकड होती, की व्यापाऱ्याने शेजारच्या शत्रूकडे जाऊ नये म्हणून तो शेपटीचेही पैसे देत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे गिऱ्हाईक गरीब नव्हतं, अडाणीही नव्हतं. घोड्यांविषयीचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. शालिहोत्राची परंपरा आहे. नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेलं आहे. ज्ञान देशात होतं. बंदरावर, खरेदीच्या क्षणी, ते नव्हतं. विकणाऱ्याने एवढंच साधलं होतं.

पाच दिवसांची मुदत

आपल्या जुन्या कायद्याने हा धोका ओळखला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखून बघायची मुदत दिली आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस. म्हणजे आजच्या भाषेत वाहनाला पाच दिवस! त्या मुदतीत खोट निघाली तर माल परत करता येई. ही मुदत कुणा पंडिताची हौस नव्हती. बैल कितीही देखणा दिसला, तरी जुवाला जोडल्याशिवाय तो लंगडतो की नाही ते कळत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशा अर्थाची म्हण आपल्यात आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या गाईचे दात मोजायलाच हवेत, हेही त्याच म्हणीत दडलेलं आहे.

दलालाचा प्रश्नही जुनाच. बरनी हा इतिहासकार अलाउद्दीन खिलजीच्या बाजारव्यवस्थेबद्दल लिहितो. 1300 नंतरची दिल्ली. फौजेसाठी घोडे हवेत आणि दलाल विकणाऱ्याकडून एक आणि घेणाऱ्याकडून दुसरी, अशी दोन्हीकडून दलाली खातात. सुलतानाने घोड्यांच्या प्रती ठरवल्या. उत्तम घोडा शंभर ते एकशेवीस टंके, पुढची प्रत त्याहून खाली. मातब्बर दलालांना त्याने किल्ल्यांत डांबलं. उपाय क्रूर होता, पण त्यातला शहाणपणाचा भाग असा, की कोणत्या प्रतीला काय भाव, हे आधी जाहीर झालं.

चावीसाठी रांग

आता थेट स्वातंत्र्यानंतर येऊ. 1951 च्या उद्योग कायद्याने कारखान्यांना परवाना लागू झाला. गाड्या बनवणारे मोजके. कोलकात्याजवळ ॲम्बॅसडर, मुंबईत कुर्ल्याला फियाट आणि पुढे पद्मिनी, मद्रासला स्टॅण्डर्ड. 1969 मध्ये सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या. कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. पण कागदावर किंमत बांधली तरी माल कमीच होता. मग ज्याचा नंबर लागला तो आपली गाडी वर पैसे घेऊन दुसऱ्याला देई. त्याला लोक ‘ऑन’ म्हणत. बजाजच्या स्कूटरसाठी मंडळी वर्षानुवर्षं थांबली. मुलीच्या जन्मानंतर नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला मिळेल, असा विनोद तेव्हा घरोघरी होता. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 ची पहिली चावी दिली गेली, तेव्हा तिच्याही नंबरांवर ‘ऑन’ सुरू झाला.

1993 मध्ये मोटारींचा परवाना गेला. गाड्या आल्या, रंग आले, कर्ज आलं. टंचाई संपली. मग शेपूट का राहिलं? कारण टंचाई नसली तरी माहिती अजून काउंटरच्या पलीकडेच होती.

याच गोष्टीवर जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक निबंध लिहिला. उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचं. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि या फरकामुळे अख्खा बाजार नासतो. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच अमेरिकेत 1958 मध्ये मन्रोनी नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने कायदा झाला, की नव्या गाडीच्या काचेवर किंमत, वाहतूक खर्च आणि प्रत्येक जोडवस्तूची किंमत चिकटवलेली हवी. नालबंद म्हणून एक कागद! पण कागदानेही बरंच काम होतं.

मामा यार्डात

आपल्याकडेही आता कागद आहेत. ते मागावे लागतात, एवढंच. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, 2017 च्या विमा नियामकाच्या नियमांतही हे आहे. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा विमा, नव्या मोटारीला तीन वर्षांचा. तो कोणत्याही परवानाधारक कंपनीकडून चालतो. रस्ता कर आणि नोंदणी फी यांची सरकारी पावती असते, हॅण्डलिंगची सरकारी पावती कुठेच नसते. तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय गाडी ताब्यात द्यायची विक्रेत्याला परवानगी नाही. गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते आरसीवर छापून येतं. पण तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून चॅसिस नंबर आणि फॉर्म 22 आधीच बघायचे.

मी सेल्समनशी वाद घातला नाही. मॅनेजरना ईमेल लिहिलं. प्रत्येक रकमेचं वेगळं कारण द्या. विमा मी आणीन. मला दिली जाणारी गाडी, तिच्या चॅसिस नंबरासह, पैसे भरण्याआधी दाखवा. बोलणं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. हे ज्या गावच्या राजांनी देवळाच्या भिंतीवर मराठीत आपला इतिहास कोरून ठेवला, त्या गावात मला वेगळं शिकायला नको होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. हॅण्डलिंग गळालं, किट ऐच्छिक झालं. गाडी बघायला कुटुंबीयांसह या, असं लिहिलं होतं.

कुटुंबीय! आमच्या गल्लीतले मेकॅनिक अण्णा त्या दिवशी स्वच्छ वेष्टी नेसून, कपाळाला विभूती लावून आले. "हे आमचे मामा," मी म्हणालो. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरपाशी बसले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर एका काळातले, चौथा सहा महिने नंतरचा. ओडोमीटरवर एकशे चाळीस किलोमीटर. फॉर्म 22 वर बनावटीचा महिना, अकरा महिन्यांपूर्वीचा. मामा काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

मी ती गाडी नाकारली. मॅनेजर रागावले नाहीत. या गोष्टी होतात, म्हणाले. नऊ दिवसांनी दुसरी आली, दोन महिन्यांपूर्वी बनलेली. ते नऊ दिवस आई बसनेच गेली. ही किंमत आम्ही मोजली, हे लपवत नाही. एका दिवशी अप्पाही म्हणाले होते, "घेऊन टाक रे, कशाला हट्ट?" विकणारा नेमका याच थकव्यावर जगतो. पांड्य राजाला युद्धाची घाई, विजयनगरला शत्रूची भीती, आम्हाला आईची काळजी. निकड वेगवेगळी, तिचा भाव तोच.

नाही ऐकलं तर काय, असं विचाराल. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पूर्वीसारखं विक्रेत्याच्या गावी धावावं लागत नाही. पण त्या वाटेला जाण्याआधी सही करायच्या टेबलावर जे साधतं, ते पुढे महिनोन्महिने साधत नाही.

आता दर आठवड्याला आई पुढच्या सीटवर बसून तिरुचीला जाते. कल्लणै कालव्याच्या बाजूने येताना एकदा तिने विचारलं, "तो मामा कोण होता रे त्या दिवशी?" मी म्हटलं, "नालबंद."

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा तुमचा मामा बरोबर न्या. पुढच्या भागात भेटू.