बासवाल्यांची बैठक

दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या घरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. घंगाळ, समया, दोन मोठे हंडे. वापरात त्यांतले एकही नाही. पण वर्षातून एकदा त्यांना चिंच लागलीच पाहिजे, हा आईचा नेम. सुट्टी लागलेला शाळामास्तर घरात आयताच सापडतो, म्हणून हे काम बहुधा माझ्याकडे येते. चिंचेचा कोळ घेऊन ओट्यावर बसलो की मला आमच्या शहरातल्या बँडवाल्यांची आठवण होते. तेही याच दिवसांत पितळ घासत असतात. चातुर्मासात गणपती-नवरात्राची चार कामे सोडली तर त्यांची वाद्ये खुंटीला असतात. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना तोंड फुटते, आणि त्याच्या आत प्रत्येक वाद्य झळकले पाहिजे.

या वाद्यांत एक सर्वांत मोठे असते. पोटाशी धरायचे, तोंड आभाळाकडे केलेले, लहान मूल आत सहज मावेल एवढे. पुस्तकांत त्याला ट्यूबा म्हणतात. आमच्याकडचे वाजवणारे त्याला ‘बास’ म्हणतात आणि वरातीत नाचणारे ‘भोंगा’. क्लॅरिओनेटवाला पुढे असतो. गाणे त्याचे, टाळ्या त्याच्या, नवऱ्याच्या मामाने ओवाळून टाकलेल्या दहाच्या नोटाही त्याच्याच. बासवाला बहुतेक मागच्या रांगेत. त्याच्या वाट्याला गाणे येत नाही. ठेक्याच्या जागी एक जाड सूर, मग थांबणे, मग आणखी एक जाड सूर. रात्रभर वाजवून तो घरी गेला आणि त्याने एकट्याने आपला भाग वाजवून दाखवला, तर कोणते गाणे चालले होते हे त्याच्या बायकोलाही ओळखता यायचे नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्या धाकट्या आत्याचे लग्न झाले. वरात गुलमंडीवरून निघाली तेव्हा मी बासवाल्याच्या अगदी बाजूने चाललो होतो. कानाने ऐकण्याआधी ते वाद्य छातीत ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळले. वरात पोहोचल्यावर त्याने वाद्य उलटे केले आणि त्यातून पाणी ओतले. मी ‘थुंकी, थुंकी’ म्हणून ओरडत पळालो. त्याने मला हाक मारून जवळ बोलावले आणि सांगितले, “थुंकी नाही बाळ, वाफ आहे. तुझ्या आईच्या झाकणावर जमते ना, तीच.” पुढे पंगती बसल्या. बँडवाल्यांना जेवण द्यायचे ठरले होते. पण पहिली पंगत झाली, दुसरी झाली, आणि आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी “त्यांचं मागून बघू” म्हणून सांगितले. मागून म्हणजे रात्री साडेअकराला. जिलबी संपली होती. मांडवाबाहेर मांडीवर वाद्य घेऊन बसलेल्या त्या माणसाला मी वर्तमानपत्राच्या कागदात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेऊन दिली. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढेच. पण आमच्या घरी कुठल्याही कार्यात शेवटची पंगत वाढायला मी उभा राहतो, त्याचे कारण माझ्या मुलांना अजून मी सांगितलेले नाही.

तर हे वाद्य आले कोठून? त्याचे वय फारसे नाही. सनई-नगारा, शिंग-तुतारी यांच्यापुढे ते कालचे पोर आहे. युरोपात वाऱ्याच्या वाद्यांना तळाचा सूर देण्याची अडचण फार जुनी. तिथल्या देवळांतून ‘सर्पंट’ नावाचे एक वाद्य वाजत असे. नावाप्रमाणेच सापासारखे वळसे घेतलेले, लाकडाचे आणि कातडे चढवलेले. त्याचा आवाज कधी लागे, कधी दगा देई. मग भोकांऐवजी दट्ट्यांच्या झडपा निघाल्या आणि प्रश्न सुटला. बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त हा बँडचा जाणता आणि योहान मोरित्झ हा कारागीर, या दोघांनी 12 सप्टेंबर 1835 रोजी ‘बास ट्यूबा’चे पेटंट घेतले. एखाद्या वाद्याची जन्मतारीख इतकी नेमकी सांगता यावी, याची आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटते. वीणा कधी जन्मली ते सरस्वतीला ठाऊक!

याची रचना पाहण्यासारखी आहे. मोठ्या बासची सगळी नळी उलगडून सरळ केली तर सुमारे 18 फूट भरते. वाटीसारख्या मुखनळीवर ओठ थरथरतात आणि ती थरथर एवढ्या लांबीची हवा हलवते. झडप दाबली की हवेला थोडी जादा वाट चालावी लागते आणि सूर उतरतो. तळाचा सूर उमटायला किंचित वेळ घेतो. म्हणून चांगला बासवाला ठेक्याच्या केसभर आधी फुंकर घालतो. इतरांच्या बरोबर फुंकील तर मागे पडेल. हे कोणी त्याला पुस्तकातून शिकवत नाही.

वीप्रेख्त हा मेळावे भरवण्यातही दांडगा होता. 1838 च्या मे महिन्यात रशियाचा झार निकोलस बर्लिनला आला, तेव्हा याने पलटणींचे बँड एकत्र करून हजारावर फुंकवाद्ये आणि दोनशे ताशे एका वेळी वाजवून दाखवले. उघड्या मैदानावर एवढ्या गर्दीचा तोल धरायचा तर तळाला भक्कम काही तरी हवेच. तंतुवाद्ये तिथे कुचकामी. ट्यूबाचा जन्म अशा लष्करी मैदानाच्या गरजेतून झाला. पुढे अमेरिकेत जॉन फिलिप सूझा या बँडमास्तरासाठी 1890 नंतरच्या दशकात अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचा बास निघाला. त्याचे नावच सूझाफोन. आमच्याकडच्या काही वरातींत डोक्यावर भलेमोठे पितळी फूल फुललेला जो माणूस दिसतो, त्याच्या अंगावर असते ते हेच.

लष्कराच्या पाठोपाठ हे वाद्य हिंदुस्थानात आले. जिथे छावणी तिथे बँड, असा तो काळ. आमचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, हे तर छावणीचे गाव. 1803 मध्ये इथून जवळच असईची लढाई झाली. पुढे निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली हैदराबाद कंटिंजंट इथे तळ देऊन राहिली. 1857 च्या जूनमध्ये तिच्यातलेच घोडेस्वार बंडाला उठले. 1903 च्या सुमारास ती फौज हिंदी लष्करात मिसळून गेली, पण छावणी राहिली. या शहराला नौबतीची सवय आधीपासूनच होती. अजून आपल्याकडे एका दरवाजाचे नाव ‘नौबत दरवाजा’ आहे. दिवसाचे प्रहर नगाऱ्यावर मोजणाऱ्या गावाला बँडचा मोठा आवाज परका वाटण्याचे कारण नव्हते.

छावणीतून वाद्य वरातीत कसे गेले, याची वाट मात्र मेरठवरून जाते. तिथे 1885 साली नादिर अली नावाच्या, लष्करी बँडमध्ये वाजवलेल्या माणसाने पेढी काढली. पुढे जली कोठी हा सगळा मोहल्लाच पितळी वाद्यांचा कारखाना झाला. विलायती बास परवडणे शक्य नव्हते, तो मेरठच्या मालामुळे हाताशी आला. संस्थानिकांनी पदरी बँड ठेवले होते. संस्थानिकांची हौस खाली सावकारांत उतरली आणि सावकारांची तुमच्या-आमच्यात. पुण्यात 1938 पासून वाजणारा प्रभात बँड गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचा मानकरी होऊन बसला.

इथे एक घरगुती अडचण उभी राहिली. आपल्या गाण्याला एकच चाल असते. तिच्याखाली तंबोऱ्याचा षड्ज असतो, पण तंबोरा हलत नाही. विलायती बास तर चालीच्या पावलाबरोबर स्वतःची पावले टाकतो. मग आपल्या गाण्यात बासने वाजवायचे काय? वरातीतल्या मंडळींनी याचे उत्तर शोधले. बहुधा षड्ज आणि पंचम यांवर येरझारा, आणि अंतरा उंच गेला की जमेल तसा आधार. कोणी लिहून दिले नाही, बसवता बसवता बसले.

ही अडचण एकदा थेट संविधान सभेपर्यंत पोहोचली होती. स्वतंत्र देशाचे राष्ट्रगीत कोणते, हा वाद चालू असताना ‘वंदे मातरम्’विषयी एक आक्षेप असा होता की ते बँडवर वाजवता येण्याजोगे नाही. 25 ऑगस्ट 1948 रोजी पंडित नेहरूंनी सभेपुढे या प्रश्नातली वाद्यमेळाची बाजू मांडली होती. हा आक्षेप खोडून काढायला उठले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म आळंदीचा, कारकीर्द पुण्या-मुंबईची; पण आडनावात फुलंब्री, म्हणजे आमच्या शहराच्या उत्तरेला, सिल्लोडच्या वाटेवरचे गाव, म्हणून आम्ही त्यांना आमचे समजतो. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याने झिंझोटीत चाल बांधली, बँडसाठी तिचे स्वरलेखन केले, मुंबईत ती बँडकडून वाजवून घेतली आणि दिल्लीला जाऊन पुढाऱ्यांना ऐकवली. 24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रबाबूंनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान दिला. मास्तरांचा हेतू पुरता साधला नाही असे म्हणावे लागेल. पण बँडसाठी लिहायचे म्हणजे क्लॅरिओनेटपासून बासपर्यंत प्रत्येकाच्या पुढे त्याचा त्याचा कागद ठेवायचा. वरातीतल्या कोणत्या बासवाल्यापुढे असा कागद कधी आला असेल?

मास्तर 1974 च्या ऑक्टोबरात वारले. त्याच साली डिसेंबरात न्यूयॉर्कला जी गोष्ट घडली, तिच्यामुळे खरे तर हा लेख लिहायला घेतला.

हार्वी फिलिप्स हा अमेरिकेतला नामांकित ट्यूबावादक. त्याचे गुरू विल्यम बेल. सूझाच्या बँडमध्ये वाजवलेले आणि 1902 च्या ऐन नाताळात, 25 डिसेंबरला जन्मलेले. 1971 मध्ये गुरू गेले. शिष्याच्या मनात आले की नाताळातच त्यांची आठवण करावी आणि ती फक्त ट्यूबा वाजवणाऱ्यांनी करावी. त्याने रॉकफेलर सेंटरच्या व्यवस्थापकांकडे जागा मागितली. काही शे ट्यूबा एकत्र वाजणार म्हटल्यावर समोरच्या माणसाची बोलतीच बंद झाली. तेव्हा फिलिप्सने त्याला लिओनार्ड बर्नस्टाईन, स्टोकोव्स्की अशा मातबर संगीतकारांचे टेलिफोन क्रमांक दिले आणि म्हणाला, यांना विचारा. विचारल्यावर परवानगी मिळाली. 22 डिसेंबर 1974 रोजी तिथल्या बर्फाच्या मैदानावर सुमारे तीनशे ट्यूबावाले जमले आणि त्यांनी नाताळची गाणी वाजवली. ना क्लॅरिओनेट, ना कॉर्नेट. अलेक वाइल्डर या संगीतकाराने ती खास त्यांच्यासाठी रचून दिली होती. चालही बासचीच आणि आधारही बासचाच. तेव्हापासून अमेरिकेतल्या गावोगावी दर नाताळात असा मेळा भरतो. शाळेतली पोरे आणि सत्तरीचे आजोबा शेजारी शेजारी बसून वाजवतात.

माझ्या एका कादंबरीत बासवाला पात्र येणार होते, म्हणून मी शहागंजच्या बाजूला एका बँडवाल्या चाचांकडे जाऊ-येऊ लागलो होतो. काम फार उरले नाही, असे ते सांगत. वरातीत आता डीजेचे गाडे आले. जिथे बँड आहे तिथेही हातगाडीवर एक कीबोर्ड असतो, आणि त्याच्या एका बटणात बास असतो. सर्वांत आधी कपात झाली ती बासवाल्याची. 2020 च्या टाळेबंदीत तर काहींनी वाद्ये मोडीत घातली. पितळ तोलावर जाते; त्या तोलात वाजवलेल्या रात्री धरत नाहीत.

गेल्या आषाढात, एकादशी होऊन गेल्यावर, चाचांनी निरोप धाडला. चार निरनिराळ्या बँडांतले बासवाले त्यांच्या पत्र्याच्या खोलीत सहज जमले होते. चहा झाला. मी मोबाईलवर न्यूयॉर्कचा तो मेळा ऐकवला. सगळे वाकून ऐकत होते. बऱ्याच वेळाने चाचांनी विचारले, “गुरुजी, यात चाल कोण वाजवतंय?”

“हेच. बासवालेच.”

“क्लॅरनेट कुठे आहे?”

“नाहीच.”

ते काही बोलले नाहीत. मग त्यांतला तरुण म्हणाला, आपणही बघू या. गाणे ठरले ते 1966 च्या ‘सूरज’मधले, नवरदेव घोड्यावर बसला की लागतेच ते. चौघांनी वाद्ये घेतली. एक-दोन-तीन म्हटले आणि चौघेही आपापले जाड सूर वाजवू लागले. षड्ज, थांबा, पंचम, थांबा. चाल कोणीच उचलली नाही! दोन ओळी गेल्यावर एकमेकांकडे पाहून असे हसले की वाद्ये मांडीवरून घसरली. चाळीस वर्षे हे गाणे वाजवणाऱ्या चाचांना ते बोटांनी ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते कानाने.

पुन्हा सुरू केले. या वेळी तिघे खाली राहिले आणि चाचांनी चाल धरली. पहिल्या ओळीत दोनदा चुकले. अंतऱ्याला श्वास पुरला नाही, तेव्हा तरुणाने मध्येच सूर उचलला आणि त्यांना दम घेऊ दिला. मग ते परत आले. पत्रे थरथरत होते. गल्लीतली पोरे दारात गोळा झाली, त्यांच्यामागे दोन-तीन बायका. एका म्हातारीने डोकावून विचारले, “अगं बाई, चातुर्मासात कुणाचं लग्न?”

चाचांनी वाद्य उलटे करून वाफेचे पाणी दाराबाहेर ओतले आणि तिला सांगितले, “हमाराच हाय, अम्मा. बैठो.”