सरदारपूरचा खरमोर

मराठी पुस्तकांतून ज्यास तणमोर म्हणतात, त्यासच आपल्या माळव्यात खरमोर म्हणतात. माळढोक कुळातील हा सर्वांत लहान पक्षी; आकाराने जेमतेम कोंबडीएवढा. एरवी नर व मादी दोघेही वाळक्या गवताच्या रंगाचे असतात आणि मादी नराहून थोडी मोठी असते. परंतु आषाढाचा पाऊस पडला की नराचे रूप पालटते. मान व पोट काळेभोर होते, मानेच्या मुळाशी पांढरा पट्टा उमटतो, पंखांवर पांढरे डाग येतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी लांब, टोकाशी रुंदावलेली तुऱ्यासारखी पिसे मागे वळतात. गुडघाभर गवतातून हा नर एकाएकी दीड-दोन मीटर उंच उसळतो, पंखांचा खडखडाट करतो व पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसाकाठी अशा शेकडो उड्या! मादीने आपल्याला पाहावे, एवढाच त्यांचा हेतू. मादी जमिनीवरच तीन ते पाच अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच उबवते. टोळ, भुंगेरे हे त्यांचे मुख्य खाद्य. पाऊस सरला की हे पक्षी दक्षिणेकडे पांगतात.

या उड्यांनीच त्याचा घात केला. उसळणारा नर टिपणे नेमबाजास अगदी सोपे, आणि इंग्रजी अमदानीत ऐन विणीच्या हंगामात त्याची बेसुमार शिकार झाली. तरीही तो टिकला, आणि आमच्या मते त्याचे श्रेय बऱ्याच अंशी पागेस द्यावे लागेल. संस्थानी काळात घोड्यांच्या वैरणीसाठी गवताची राखीव कुरणे असत. माळव्यात त्यांस बीड म्हणतात. गवत पिकल्यावाचून कापत नसत, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास. तोवर खरमोराची पिले उडती झालेली असत. कोणी पक्ष्यासाठी काही केले नव्हते. वैरणीचे वेळापत्रक त्याच्या पथ्यावर पडले, इतकेच.

येथे एक दुरुस्ती करावीशी वाटते. सरदारपूर आज धार जिल्ह्यात असल्याने ते पवारांच्या मुलखातले, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. ते होते शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात, अमझेऱ्याच्या बाजूस, आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी तेथे होती. 1948 साली मध्य भारत राज्य झाले, धार, देवासच्या दोन्ही पात्या व ग्वाल्हेर त्यात विलीन झाली, आणि पागाही गेल्या. बीड हळूहळू नांगराखाली आले. पुढे सोयाबीन आले, त्याबरोबर कीटकनाशके आली. पिकात घरटे करणाऱ्या मादीचे अन्नच त्यांनी मारले.

डॉ. सालिम अली यांच्या सूचनेवरून 1983 मध्ये सरदारपूर व रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे खरमोर अभयारण्ये झाली. सैलान्याचे क्षेत्र लहान, सुमारे तेरा चौरस किलोमीटर. सरदारपूरचे तीनशे अठ्ठेचाळीस! मात्र त्यात चौदा गावे आणि त्यांची खासगी शेते आली. खरे गवत पानपुऱ्यासारख्या थोड्या तुकड्यांतच होते. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर अनेक वर्षे बंदी राहिली. मुलीचे लग्न असो वा आजारपण, शेत विकता येत नसे. त्यामुळे खरमोर दिसला तरी शेतकरी बोलेना. पक्ष्याची खबर देणाऱ्यास बक्षीस देण्याची योजना वनखात्याने आणली, ती चांगलीच होती. पण बक्षिसाची रक्कम आणि अडकलेल्या शेताची किंमत यांचा मेळ कसा बसावा?

रवी शंकरन यांनी या पक्ष्याच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घातली. 1999 च्या सुमारास देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास खरमोर असावेत असा अंदाज होता. 2017 च्या पाहणीत नरांची संख्या काही शेकड्यांवर आली, आणि 2021 मध्ये जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. राजस्थानात अंडी उबवून पिले वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. पिले वाढतीलही, त्यांना सोडण्यास बीड हवे.

महसूल खात्यात असताना एका श्रावणात आम्ही पानपुऱ्याकडे गेलो होतो. दोन तास उभे राहूनही काही दिसले नाही. बांधावरचा एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "साब, पंछी आवे नी, ने जमीन बिके नी." आम्ही खसऱ्याची नक्कल घडी करून पिशवीत ठेवली.