मुंबईच्या रात्री आणि जालन्याचा आक्षेप

समलिंगी पुरुषांचा विषय जालन्यात, अंबडला किंवा भोकरदनला निघाला की एक उत्तर तयार असतं: हे मुंबईचं खूळ आहे, पबमध्ये जाणाऱ्या आणि इंग्रजी झाडणाऱ्या पैसेवाल्यांचं; आपल्याकडे असलं काही नाही. शिकलेली मंडळी याच मताला वाङ्मयीन वेष चढवतात. मुंबईतल्या समलिंगी रात्रींविषयी ज्यांनी लिहिलं, ज्यांनी त्या पडद्यावर आणल्या, त्यांनी एका चैनी वर्गाची रोजनिशी लिहिली, असं ते म्हणतात. तिला इतिहासाचं मोल नाही आणि मराठी वाचकाला तिची गरज नाही, हा त्यांचा निष्कर्ष. हे मत मला साफ चुकीचं वाटतं. त्यातून माणसांचं नुकसान होतं, म्हणून ते खोडून काढणं मला आवश्यकही वाटतं.

आधी पूर्वपक्षाला त्याचं देणं देऊ. नव्वदच्या दशकात कुलाब्याच्या वूडू या पबमध्ये शनिवारी रात्री समलिंगी पुरुष जमत. 1998 मध्ये सुरू झालेला ‘गे बॉम्बे’ हा गट इंटरनेटवर उभा राहिला, आणि तेव्हा घरात संगणक असणारे किती होते? या गटाविषयी परमेश शहाणी यांनी लिहिलेलं पुस्तक 2008 मध्ये आलं, तेही इंग्रजीत. एवढंच पाहिलं तर आक्षेप खरा वाटतो.

पण त्या काळाची सर्वांत भेदक नोंद पबमध्ये सुरू होतच नाही. आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली भेट होते ती चर्चगेट स्थानकातल्या पुरुषांच्या मुतारीत. युदी हा चाळिशीतला ब्राह्मण पत्रकार आणि मिलिंद महाडिक हा दलित तरुण. रोज लाखो चाकरमानी जिथून जातात ती ही जागा. तिथे प्रवेश फी नाही, इंग्रजीची अट नाही. पुढे 1992–93 च्या दंगली शहरावर कोसळतात आणि मिलिंद दिसेनासा होतो. त्याला शोधणाऱ्या युदीला त्याचा धड पत्ताही ठाऊक नसतो. इथे राव यांनी हात घातला आहे तो जातीला. एका रात्रीपुरती मिटलेली दरी सकाळी जशीच्या तशी उभी असते. प्रेम करणाऱ्यालाही ती ओलांडता येत नाही, आणि पैशाचा, घराचा, भाषेचा वरचष्मा त्या नात्यात शेवटपर्यंत राहतो. ही कादंबरी वाचूनही कुणी तिला चैनीची रोजनिशी म्हणत असेल, तर त्याने ती मनापासून वाचलेली नाही. मराठी दलित साहित्याने जे प्रश्न विचारले, त्यांच्याच शेजारी हे पुस्तक ठेवायला हवं.

राव इथेच थांबले नाहीत. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवताना त्यांनी समलिंगी साहित्य अभ्यासक्रमात आणलं. 2009 मध्ये दिव्यज्योती शर्मा यांच्यासोबत 21 मुलाखतींचं पुस्तक संपादित केलं. त्याआधी, 1996 मध्ये, त्यांच्या कवितांवर रियाद वाडिया यांनी ‘बॉमगे’ हा लघुपट केला. हे वाडिया ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनच्या घराण्यातले. मुंबईच्या मातीतल्या सिनेमाचाच हा वारस, त्याला परका कसं म्हणायचं?

आता ‘इंग्रजीतून आलेलं’ या आरोपाकडे वळू. सनावळी सरळ उलटं सांगते. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं; स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्याच्या केंद्रस्थानी होती आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. जालना जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षीची ही गोष्ट. अशोक राव कवी यांचं ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी नियतकालिक त्यानंतर नऊ वर्षांनी, 1990 मध्ये निघालं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 मध्ये आधी मराठीत आली. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2013 चा. बाहेरून आलं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377. ते 1860 च्या दंडसंहितेत इंग्रजांनी घातलं, आणि संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं ते निष्प्रभ व्हायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला.

आमच्या बाजूचे काही मित्र इथे खजुराहो आणि शिखंडी पुढे करतात. मला तो मार्ग पटत नाही. जिवंत माणसाला सन्मानाने जगू देण्यासाठी हजार वर्षांपूर्वीच्या दगडाची साक्ष कशाला लागावी? तमाशातल्या नाच्याला सरसकट समलिंगी ठरवणं हीदेखील तितकीच घाई आहे. ती कलावंताची भूमिका आहे, आणि रंग उतरवल्यावर तो कोण, हे त्यानेच सांगायचं असतं.

राहिला ‘जालन्यात नाही’ हा दावा. देवगिरी आणि नंदीग्राम या गाड्या वर्षानुवर्षं जालन्याची पोरं मुंबईला नेतात. कुणी शिकायला जातं, कुणी कामाला, कुणी गावात श्वास कोंडतो म्हणून. मुंबईच्या फलाटांवर दिसणारी गर्दी केवळ मुंबईत जन्मलेल्यांची कधीच नव्हती. शिवाय राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आपल्या कामाचा एक मुख्य गट मानलं, ते केवळ महानगरांपुरतं नाही. म्हणजे जे आपण नाकारतो, ते सरकार केव्हाच धरून चाललं आहे.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. जिथे लेखक आणि चित्रपटकार नोंद करत नाहीत, तिथे दोनच ठिकाणी माणूस उरतो: पोलिसांच्या डायरीत गुन्हेगार म्हणून आणि दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये रुग्ण म्हणून. त्याचं हसणं, त्याने बघितलेली वाट, मित्राला दिलेला शब्द, रात्री उशिरा एकट्याने गाठलेलं घर, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. राव, वाडिया, तेंडुलकर, कुंडलकर यांनी हे वाचवलं. नोंद नाही म्हणून माणसं नव्हती असं म्हणणारा, आपणच लिहू दिलं नाही हे विसरतो. कलम 377 विषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी इतिहासाने या माणसांची माफी मागायला हवी, अशा अर्थाचं म्हटलं होतं. ज्या इतिहासाने माफी मागायची, तो आधी लिहिलेला तर हवा.

म्हणून मराठवाड्यातल्या संपादकांना, दिवाळी अंक काढणाऱ्यांना आणि मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकाला माझी विनंती आहे: जालना, परतूर, मंठा, घनसावंगी इथल्या समलिंगी माणसांना लिहायला जागा द्या. नाव छापू नका, गाव बदला, पण मजकूर बदलू नका.