छापील कव्हर उरलं, मूळ चित्र कुठे गेलं?

लहानपणी गुलमंडीतून आणलेली गेमची कॅसेट आठवते? स्टिकरवर भारी योद्धा, टीव्हीवर मात्र चार ठोकळे!

हे जुनंच आहे. १९७७ मध्ये अटारीच्या 'कॉम्बॅट'चं कव्हर क्लिफ स्पोन यांनी रंगवलं. त्या मशीनची रॅम होती फक्त १२८ बाइट्स. म्हणजे खरी लढाई डब्यावरच्या चित्रातच व्हायची. पण छपाई झाली की मूळ चित्राचं काम संपलं.

आपल्याकडे दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं घरोघरी पोचली. अंक ढीगभर, मूळ चित्र एकच. आजोबांनी जपलेले अंक तर मीच रद्दीत घातले.

अजिंठ्याचं उलटं झालं. १८४४ मध्ये रॉबर्ट गिलवर तिथल्या चित्रांच्या प्रती करायचं काम सोपवलं गेलं. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मूळ चित्रं लेण्यांत होती, म्हणून आज आपण ती बघतो.

त्यामुळे गेमची मूळ चित्रं गोळा करणारे मला वेडे वाटत नाहीत. कोडची कॉपी मी सेकंदात काढतो, कुंचल्याच्या फटकाऱ्याची निघत नाही.

तुमच्या घरी कुणी पोस्टर, पाट्या रंगवायचं? मग रद्दी काढण्याआधी एकदा माळा बघाच.