१६ पेन्स की १८ पेन्स? रुपयाच्या भांडणात मजूर कुठे होता?

दरवर्षी १ एप्रिलला आमच्या मोबाईलवर तोच मेसेज फिरतो: रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथामुळे उभी राहिली. आम्हीही तो पुढे पाठवलाय. पण 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) मध्ये बाबासाहेब कोणाशी भांडत होते, असं विचारलं की आपल्यातले बहुतेक गप्प होतात.

१९२५ मध्ये सरकारने हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलन आयोग नेमला. वाद होता रुपयाच्या दराचा. मुंबईच्या व्यापारी-गिरणीमालकांना तो १ शिलिंग ४ पेन्स हवा होता, सरकारला १ शिलिंग ६ पेन्स. मित्रांनो, हिशेब करून बघा. पौंडाचे २४० पेन्स. १६ पेन्सच्या दराने निर्यातदाराला पौंडामागे १५ रुपये मिळतात, १८ पेन्सने १३ रुपये ५ आणे ४ पै. भांडण या दीड रुपयाहून जास्त फरकाचं होतं आणि व्यापारी वर्गाने ते राष्ट्राच्या नावाने लढवलं. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास तर आयोगाचे सदस्यच होते. त्यांनी १६ पेन्ससाठी भिन्नमतपत्रिका जोडली. १९२६ मध्ये मुंबईत करन्सी लीगही उभी राहिली.

बाबासाहेबांनी ग्रंथात या 'राष्ट्रहिता'लाच हात घातला होता. रुपया घसरला की भाव वाढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे निर्यातदाराचा जादा नफा देशाने कमावलेला नसतो, तो मजुराच्या ताटातून उचललेला असतो.

सरकारचे १८ पेन्स तरी मजुराच्या प्रेमापोटी कुठे होते? लंडनला पाठवायचे होम चार्जेस त्या दराने कमी रुपयांत भागत, विलायती माल इथे स्वस्त पडे. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चढा दर मारतो, हे व्यापाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. फक्त शेतकऱ्याची आठवण त्यांना नेमकी तेव्हाच झाली!

कारण त्याच १९२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. म्हणजे मालकांनी कामगारांच्या उपाशी पोटावर सरकारकडून करमाफी मिळवली. बाबासाहेबांची आयोगापुढची साक्ष झाली ती याच डिसेंबरात.

१९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर ठरला. व्यापारी हरले, पण त्याच वर्षी फिक्की स्थापन झाली आणि अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्री आजही अशा संघटनांना चर्चेला बोलावतात.

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी सहाव्या खंडात हा ग्रंथ आणि ती साक्ष, दोन्ही आहेत. आमच्या अभ्यासवर्गात येत्या रविवारी साक्षीपासून सुरुवात करतोय. जय भीम.