पुली केवढी घ्यायची? दादाची गाडी, होळकरांची मोटार आणि नगरचा रणगाडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना माझं जे "म्हणजे ना, म्हणजे ना" होतं तेवढं गाळलंय. बाकी सगळं तसंच आहे.

तर झालं असं. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, याने सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. दादाची डाळिंबाची बाग आहे. दोन चांगल्या हंगामांचा पैसा त्या गाडीत गेलाय आणि वहिनी त्याबद्दल अजून मोकळेपणाने बोललेल्या नाहीत. गाडीला सुपरचार्जर आहे. एका रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर फोटो आला. तळहातावर चकचकीत पुली, खाली मेसेज: "जुनी ७५ मिलिमीटरची. ही ६५ ची. टाकू का? तू बीटेक आहेस ना!"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण दादाला हे पटत नाही. बीटेक म्हणजे बीटेक.

आधी गोष्ट समजून घेऊ. सुपरचार्जर म्हणजे इंजिनमध्ये जबरदस्तीने हवा कोंबणारा ब्लोअर. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर मात्र इंजिनच्याच क्रँकवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो. ब्लोअरची पुली लहान केली की तो जास्त जोरात फिरतो. हिशोब पाचवीतल्या मुलालाही येईल. समजा क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आहे आणि ब्लोअरची ७५ ची. इंजिन ६,५०० फेऱ्यांवर गेलं की ब्लोअर १३,००० वर. तिथे ६५ ची पुली टाकली की ब्लोअर १५,००० वर.

आमच्या आजोबांना हे कॉलेजात न जाता माहीत होतं. त्यांची पिठाची गिरणी होती. ६५० फेऱ्यांचं ऑइल इंजिन काढून १,४४० फेऱ्यांची मोटर बसवली, तेव्हा त्यांनी आधी पुली बदलून घेतली. नाहीतर जातं दुपटीहून जास्त वेगाने फिरलं असतं. पीठ भराभर पडलं असतं, पण गरम आणि जळका वास मारणारं. बायकांनी डबा तिथेच उलटा केला असता. दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गिरणीतच आहे: वेग वाढवला की उष्णता वाढते.

उरलेलं अर्धं उत्तर इतिहासात आहे, आणि गंमत म्हणजे त्याची दोन टोकं आपल्याच जिल्ह्याला येऊन टेकतात.

पहिलं टोक जामखेड तालुक्यातलं चौंडी. १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म इथला. त्यांच्याच नावावरून आता आपला जिल्हा अहिल्यानगर झालाय. त्या होळकर घराण्यात सून म्हणून गेल्या. त्याच घराण्याचे विसाव्या शतकातले इंदूरचे महाराज म्हणजे यशवंतराव होळकर दुसरे. माणिकबाग राजवाडा ज्यांनी जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला, ते हेच. गाड्यांचा त्यांना भारी नाद. तिशीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे घेतली, लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास दोन सीटांची बॉडी चढवलेली, भगव्या-काळ्या रंगाची. यातला 'एस' सुपरचार्जरचा. आठ सिलिंडर, ६.९ लिटर. कंपनीचा दावा असा की साधी मॉडेल जे २६५ हॉर्सपॉवरची आणि सुपरचार्जरवाली ३२० ची. म्हणजे एका फिरत्या पंख्यावर ५५ घोडे जास्त.

दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ! राजे लोकसुद्धा टाकायचे."

थांब दादा. त्याच काळात इंग्लंडमध्ये बेंटले कंपनीत यावरूनच भांडण झालं होतं. रेसर टिम बर्किनला साडेचार लिटरच्या बेंटलेला ब्लोअर हवा होता. डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा त्याला विरोध होता. त्यांचं म्हणणं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा. बर्किनने ऐकलं नाही. ब्लोअर थेट क्रँकच्या टोकाला, रेडिएटरच्या पुढे बसला. ११० हॉर्सपॉवरचे १७५ झाले. १९३० ची फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन दुसरा आलासुद्धा. पण त्याच वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्लोअरवाल्या बेंटले अर्ध्यातच बंद पडल्या. जिंकली कोण? बिनब्लोअरची, मोठ्या इंजिनची बेंटले स्पीड सिक्स.

घोडे वाढतात हे खरं. पण शर्यत किती तासांची आहे, हे आधी विचारायचं.

आता याचा सगळ्यात भारी धडा. रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, २७ लिटर, व्ही-१२. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत हेच होतं. वर हवा विरळ, म्हणून सुपरचार्जर लागायचाच. १९४० च्या मर्लिन ३ मध्ये ब्लोअरचं चाक क्रँकच्या ८.५८८ पट वेगाने फिरायचं. म्हणजे इंजिन ३,००० वर आणि चाक जवळपास २५,८०० वर. पुढे जास्त उंचीसाठी मर्लिन ४५ आलं, तिथे हे प्रमाण ९.०८९ झालं. आपल्या भाषेत, पुली लहान केली.

पण मग खाली उडताना पंचाईत. खाली हवा मुळातच दाट. ब्लोअर एवढी हवा कोंबायचा की थ्रॉटल पूर्ण उघडताच यायचा नाही. वर त्याला फिरवायला लागणारी ताकद आणि हवेची वाढलेली उष्णता हा भुर्दंड वेगळाच. उपाय काय केला असेल? कमी उंचीवर लढणाऱ्या स्पिटफायरसाठी ब्लोअरचं चाक कातरून लहान केलं, १०.२५ इंचांवरून ९.५ इंच. गिअर तोच, चाक छोटं. खाली विमान जास्त चपळ झालं, वर मात्र दम कमी पडायला लागला. दोन्हीकडे एकदम जोर, हे एका चाकात बसत नाही. म्हणून काही मर्लिनना दोन गिअर दिले: खाली ८.१५, वर ९.४९.

आणि आता आलो नगरमध्ये. सोलापूर रोडला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. आपण सगळे शाळेच्या सहलीला गेलोय, रणगाड्यावर हात ठेवून फोटो काढलेत. तिथला सेंच्युरियन आठवतो? त्याच्या पोटात मीटिअर नावाचं इंजिन असतं. हे मीटिअर म्हणजे तेच मर्लिन, फक्त सुपरचार्जर काढून टाकलेलं.

का काढला? रणगाडा वीस हजार फुटांवर जात नाही. त्याला मिळायचं साधं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल, विमानाला मिळायचं तसं नाही. गिअरबॉक्सला सहन होईल तेवढीच ताकद हवी. आणि ते इंजिन चिखलात, धुळीत, कमी वेगावर तासन् तास ओढत राहायला हवं. विमानात हजाराच्या वर हॉर्सपॉवर देणारं इंजिन सेंच्युरियनमध्ये ६५० देतं. कागदावर हा तोटाच दिसतो.

१९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, अशाच सेंच्युरियनमध्ये होते. तोफ चालू आहे तोवर मागे फिरायचं नाही, असं ठरवून ते लढत राहिले आणि तिथेच शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा आज नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. त्या दिवशी रणगाड्याने काय द्यायला हवं होतं, याचा विचार करा. टॉप स्पीड नाही. बोलावलं तेव्हा हलणं आणि बंद न पडणं.

याचा अर्थ सुपरचार्जर वाईट असा नाही, बरं का. पुढे टी-५५ चं ५८० हॉर्सपॉवरचं डिझेल टी-७२ मध्ये ७८० वर गेलं, त्यात गिअरवर फिरणाऱ्या सुपरचार्जरचा मोठा वाटा होता. गरज बदलली, ब्लोअर परत आला. अडचण ब्लोअरची नसते. अडचण असते कुठे आणि कशासाठी हे न ठरवता पुली घेण्याची.

मग रविवारी दादाच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. प्रश्न पहिला: गाडी कुठे चालवणार? "नगर-पुणे, कधी माळशेज घाट." पेट्रोल कुठलं? "पंपावरचं साधं." मे महिन्यात नगरला ४० अंश असतात. अर्धा बार दाब वाढवला तर सत्तर टक्क्यांच्या आतबाहेर कार्यक्षमता असलेल्या ब्लोअरमधून हवा शंभर अंशांच्या आसपास गरम होऊन बाहेर पडते. इंटरकूलर जुना. गरम हवा आणि साधं पेट्रोल म्हणजे इंजिन नॉकिंग करणार. मग कॉम्प्युटर इग्निशन मागे खेचणार आणि वाढलेली ताकद तिथेच परत जाणार. त्याच्या ब्लोअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये १४,००० फेऱ्यांची. ६५ च्या पुलीवर १५,०००. विषय संपला.

"मग ७० ची?" दादा सोडायला तयार नाही. गणित केलं: १३,९२९. मर्यादेच्या आत, फक्त ७१ फेऱ्यांनी. घाटात एकदा चुकून खालचा गिअर पडला की गेलं. मी ते त्याला दाखवलं आणि गप्प बसलो. निर्णय माझा नव्हता, पैसे त्याचे होते.

वहिनी चहा घेऊन आल्या. स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाबांच्या गिरणीचं पीठ कधी जळलं नाही."

दादाने ७५ चीच ठेवली. नवा पट्टा टाकला, इंटरकूलर साफ करून घेतला, बेअरिंग तपासून घेतलं. थोडा हिरमुसला होता, खोटं कशाला सांगू. ६५ ची पुली आता त्याच्या टेबलावर डाळिंबाच्या बिलांवर वजन म्हणून ठेवलेली असते.

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात तर सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला, इंजिनच्या झाकणाशी दोन मिनिटं थांबा. आणि तुमच्या घरी, शेतात, गिरणीत कुणी पुली बदलून काही बिघडवलं किंवा सुधारलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगली असेल ती पुढच्या भागात ऐकवतो. भेटू, मंडळी!